जुन्या काउंटरवेट बारला मोटर जोडावी का?

नेपथ्यवेडा:
बऱ्याच जुन्या नाट्यगृहांत बार (नेपथ्य टांगायचा आडवा पाइप) अजून दोरीने, हाताने ओढतात आणि आता तिथे मोटर बसवायचा विषय निघतोय. माझं मत: बार तोलणारी वजनं (काउंटरवेट) राहू द्या, आर्बरला, म्हणजे ती वजनं ठेवायच्या, पुलींवरून वायर रोपने बारला जोडलेल्या चौकटीला, मोटर जोडा. बारवर ३०० किलोचं नेपथ्य आणि आर्बरमध्ये तेवढीच वजनं असली की मोटरला फक्त फरक आणि घर्षण ओढायचं असतं. शिवाय रोप लॉकवर (ओढायची दोरी पकडून ठेवणारा खटका) माणसाचा जीव टांगायची वेळ येणार नाही. रोप लॉक हा ब्रेक नव्हे. तो जेमतेम वीसेक किलोचा फरक धरतो. त्याहून जास्त फरक पडला आणि दोरी पळाली, की धरायला गेलेल्याचा तळहात सोलून निघतो.

दोरीवाला:
पूर्ण विरोध. झालर शेजारच्या लाइट बारमध्ये अडकली की दोरी हाताला लगेच जड लागते, आपण थांबतो. मोटर ओढतच राहते.

नेपथ्यवेडा:
म्हणून तर लोड सेल (ताण मोजणारा सेन्सर) असतो. ठरलेल्या मर्यादेबाहेर ताण गेला की मोटर बंद.

दोरीवाला:
ती मर्यादा बांधणार कशी? घर्षणच बार कुठे आहे त्यावर बदलतं. मर्यादा घट्ट ठेवली तर प्रयोगात बार मध्येच थांबेल, सैल ठेवली तर कापड फाटल्यावर थांबेल.

तुळई:
तुम्ही दोघंही वर बघत नाही आहात. ३०० आणि ३०० किलो म्हणजे इमारतीवर एकूण ६००: निम्मे बारच्या वरच्या लॉफ्ट पुलींवर, निम्मे हेड ब्लॉकच्या (आर्बरच्या वरची पुली) तुळईवर, आणि दोन्हींमध्ये आडवा ताण वेगळा. आता 'मोटर आहेच' म्हणून बारवर ५०० किलो टांगले, वजनं तेवढीच ठेवली. आर्बरला खालून २०० किलोने ओढावं लागेल. वर एकूण भार १००० झाला आणि खाली मोटरच्या पायावर २०० किलोचा उचल-ताण आला. खालची जुनी पुली दोरी ताणून धरण्यापुरती असते, कित्येक ठिकाणी तर ती गाइडमध्ये नुसती सरकती असते. तिच्या जागी मोटर बसवायची तर अँकरिंग नव्याने करावं लागतं. हे गणित कागदावर मांडल्याशिवाय एक बोल्टही कसू नका.

सावध:
मग वजनंच काढा आणि पूर्ण भार उचलणारा, दोन ब्रेकचा होइस्ट लावा. अर्धवट जोडकामात (वजनंही आणि मोटरही) दोन्हीकडचं वस्तुमान पळत असतं. बार मीटर प्रति सेकंद वेगाने वर जातोय आणि ब्रेकने आर्बर जागीच थांबवला, तर बार आणखी ५ सेंटीमीटर उडतो, वायर रोप सैल पडतात आणि मग सगळा भार झटक्याने त्यांवर येतो.

नेपथ्यवेडा:
झटका मान्य. पण थांबण्याचं अंतर आखून ब्रेक निवडला तर तो येत नाही. इमर्जन्सी स्टॉपलाही तोच हिशेब लावा, नुसता हळू थांबणारा ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) पुरणार नाही. वजनं काढली तर मोटर मोठी, वीजजोडणी मोठी, आणि ब्रेक गेला तर अख्खा भार खाली.

दोरीवाला:
एका गोष्टीवर आपलं एकमत असावं. आर्बर तसाच ठेवून ग्रिडवरून (रंगमंचाच्या वरची जाळी) चेन होइस्ट (साखळीने भार उचलणारं यंत्र) सोडायचा आणि बारला अडकवायचा, हा जुगाड कुणी करू नये. साखळी फक्त ओढते, ढकलत नाही. नेपथ्य जमिनीवर टेकलं की आर्बर जड होतो, साखळी सैल पडते आणि बार आपणहून वर सुटतो.

तुळई:
यावर शंभर टक्के. रंगमंचावरच्या यंत्रांसाठीचं अमेरिकी एएनएसआय ई१.६-१ किंवा युरोपीय ईएन १७२०६ यांपैकी एक मानक आधी ठरवा. बटण दाबून धरलं तरच बार हलेल आणि चालवणाऱ्याला तो बार डोळ्यांनी दिसेल, एवढं तर हवंच.

दोरीवाला:
दिसेल म्हणजे कॅमेऱ्यातून नाही.