डॉक्टरांची 'ॲडव्होकसी': वकिली, कैवार की गाऱ्हाणं?

दापोलीकरीण: आमच्याकडे महिन्यातून एकदा मेंदूविकारतज्ज्ञ शिबिराला येतात. त्यांच्या पत्रकाचं मराठी मी करतेय. एका वाक्यावर अडले. १९९९ साली हिंदू विवाह कायद्यातल्या अटींमधून अपस्मार, म्हणजे आकडी येण्याचा आजार, वगळला गेला, त्यामागे डॉक्टरांची आणि रुग्णसंघटनांची 'ॲडव्होकसी', म्हणजे रुग्णांच्या वतीने बाजू मांडणं, होती. मी 'वकिली' लिहिलं, तर आशाताई विचारतात, "डॉक्टर कोर्टात उभे राहिले काय?"

खाडीपलीकडे: 'वकिली'च ठेवा. वकील म्हणजे ज्याच्यावर आपलं काम सोपवलं तो. पेशव्यांचे वकील दरबारात असत, कोर्टात नव्हे.

शब्दनिष्ठ: अरबी कशाला? 'कैवार' घ्या.

दापोलीकरीण: काका, कैवार चुकलेल्याचाही घेतात. हे पुराव्यानिशी बोलणं आहे.

रत्नांग्रीचा: माझ्या वडिलांना पार्किन्सन. २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आहे, तरी दाखल्यासाठी खेपा घातल्याच. गोळी घेतल्यावर तासभर हात थरथरत नाहीत, आणि तपासणी नेमकी तेव्हाच. शेवटी डॉक्टरांनी स्वतः पत्र लिहून हे समजावलं. घरी आम्ही म्हणतो, 'डॉक्टरांनी शब्द टाकला'.

शब्दनिष्ठ: शब्द टाकणं हा वशिला झाला. हक्काला वशिला कशाला?

मालवणचो झील: गाऱ्हाणा!

शब्दनिष्ठ: ती तक्रार. मुळात संस्कृत 'गर्हण', म्हणजे निंदा.

मालवणचो झील: घाटार तक्रार आसात. आमच्या देवळात दुखणेकरी गप उभो रवता, गावकार त्याच्या वतीन बोलता, आणि सगळो गाव 'व्हय म्हाराजा' म्हणता. डॉक्टर आणखी काय करतत?

दापोलीकरीण: भाऊ, शब्द मनापासून आवडला. पण आकडी आली की गोळ्या थांबवून देवळात नेणारी घरं मी पाहिलीत. त्यांच्या हातात 'गाऱ्हाणं' लिहिलेलं पत्रक कसं देऊ?

खाडीपलीकडे: आकडी? आमची आजी 'फेफरं' म्हणायची, आणि चप्पल हुंगवायची.

दापोलीकरीण: चप्पल नको, कांदा नको, तोंडात चमचा तर मुळीच नको. कुशीवर वळवायचं, बस.

शब्दनिष्ठ: 'अपस्मार'च लिहा. स्मृती हरपणं, नेमका अर्थ. चरकसंहितेतला शब्द आहे.

मालवणचो झील: काका, आमच्याकडे म्हातारीसुद्धा 'फीट इली' म्हणता. चरक कोण वाचता?

शब्दनिष्ठ: छापलंच नाही तर वाचणार कसे?

रत्नांग्रीचा: वडिलांच्या दाखल्यावर 'कंपवात' नव्हतं, 'पार्किन्सन'च होतं. आई अजून 'हाताचं दुखणं' म्हणते.