वँकेल इंजिन + डक्टेड फॅन : घरी बांधलेल्या विमानात ही जोडी जमेल का?

वादळवारा
माझं मत आधीच सांगून टाकतो : जमेल. वँकेल म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या रोटरचं इंजिन, आणि डक्टेड फॅन म्हणजे नळकांड्यात (डक्टमध्ये) बसवलेला पंखा. माझदाच्या १३बीसारखं दोन रोटरचं इंजिन ६००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) खुशीत चालतं. त्यावर १.८ मीटरचा प्रोपेलर थेट बसवला तर पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाच्या पार पुढे जातील, म्हणून सगळे मध्ये गिअरबॉक्स घालतात. म्हणजे जादा वजन आणि मोडायला आणखी एक वस्तू. त्याऐवजी ७५ सेंटिमीटरचा पंखा डक्टमध्ये बसवा. त्याच ६००० आरपीएमला टोकाचा वेग सेकंदाला साधारण २३५ मीटर. गिअरबॉक्सची भानगडच नाही. इंजिन आटोपशीर आहे, पायलटच्या पाठीमागे आरामात मावतं.

आणि हे आधी झालेलं आहे. जर्मनीतल्या राइन-फ्लुग्झॉइगबाउचं फॅनलायनर १९७३ मध्ये उडालं ते वँकेल आणि डक्टेड फॅनवरच. १९७७ मध्ये उडालेल्या फॅनट्रेनरच्या पहिल्या नमुन्यात तर दोन वँकेल मिळून एक पंखा फिरवत होती. मग होमबिल्टवाले (घरी विमान बांधणारे) अजून लायकॉमिंगच्या पिस्टन इंजिनांनाच का चिकटून बसलेत?

काटेकोर
फॅनट्रेनरची पुढची गोष्ट सोयीस्करपणे गाळलीत. उत्पादनात गेलेल्या विमानांना ॲलिसनचं टर्बोशाफ्ट (गॅस टर्बाइन इंजिन) लावलं होतं.

आता हिशोब. १६० अश्वशक्ती धरा, विमान जागेवर उभं. १.८ मीटरच्या उघड्या प्रोपेलरला आदर्श थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) मिळतो सुमारे ४५० किलो. तुमच्या ७५ सेंमी डक्टला सुमारे ३२०, आणि त्यात डक्टचा २६ टक्के फायदा मी आधीच धरलाय. तो फायदा व्यास सारखा असेल तेव्हाचा, हे डक्टप्रेमी नेहमी विसरतात. थोड्या हवेला जोरात ढकलण्यापेक्षा जास्त हवेला हळू ढकलणं स्वस्त पडतं, याला कुणाचा इलाज नाही. टेकऑफला ३० टक्के थ्रस्ट गमावून धावपट्टी कुठून आणणार?

वादळवारा
उभ्या विमानाचा हिशोब करून थांबलात. ताशी २५० किलोमीटरला तोच हिशोब करा : उघड्या प्रोपेलरची आदर्श कार्यक्षमता ९५ टक्के, डक्टची ८४. फरक १२ टक्क्यांवर येतो. मला वेगवान दोन आसनी विमान हवंय, शेतात उतरणारं नाही.

काटेकोर
त्या ८४ मधून डक्टचं स्वतःचं घर्षण वजा करा. ४० सेंमी लांबीचं डक्ट धरलं तरी आतबाहेर मिळून जवळपास दोन चौरस मीटर पृष्ठभाग. शिवाय टेकऑफला तोंडाची कड जाड आणि गोल लागते, वेगात तीच कड नडते.

तेलकट हात
दोघंही कागदावर भांडताय. बांधणाऱ्याची अडचण वेगळी आहे. पात्याचं टोक आणि डक्टची भिंत यांत जेमतेम तीन-चार मिलिमीटर फट ठेवायची. ती वाढली की डक्टचा फायदा झरझर उतरतो. घरी केलेलं फायबरग्लासचं कडं उन्हात तापलं, विमान खड्ड्यात आदळलं, इंजिन रबरी माउंटवर हललं, की पातं भिंतीला घासलंच. म्हणून आत फोमची पट्टी बसवायची, पात्याने आपली जागा स्वतः कोरून घ्यावी. हे जमतं, पण चिकाटी लागते.

आणि ६००० आरपीएमला टोकाशी १५,००० जी असतात. तिथला एक ग्रॅम १५ किलोसारखा ओढतो. लाकडी पातं तासून बसवू म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

चौकोनी रोटर
वँकेलला उगाच झोडपू नका. झडपा नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत, आणि आरव्ही जातीच्या कितीतरी होमबिल्ट विमानांत ती गिअरबॉक्स लावून उडतात. माझं भांडण डक्टशी आहे. हे इंजिन बरीच उष्णता तेलातही टाकतं, म्हणजे पाण्याचा रेडिएटर आणि भला मोठा ऑईल कूलर दोन्ही हवेत. ते पाठीमागच्या फ्यूजलाजमध्ये (विमानाच्या धडात) कोंबायचे आणि जमिनीवर उभं असताना थंड कसं ठेवायचं? एकदा नीट तापलं की पाण्याचे सील गेले. मग सुरू करताना पांढरा धूर आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे. एक्झॉस्ट इतका गरम की साधा सायलेन्सर आतून जळून जातो. बिनसायलेन्सरचा आवाज ज्याने ऐकलाय तो ‘डक्ट शांत असतो’ असं परत म्हणणार नाही.

वादळवारा
पण कूलिंगसाठी पंखाच वापरा की! रेडिएटर पंख्याच्या पुढे, इनलेटमध्ये. जमिनीवरही हवा खेचली जाईल.

तेलकट हात
आणि रेडिएटरमागची खडबडीत हवा पात्यांवर. प्रत्येक फेरीला पातं त्या सावलीतून जाणार, थरथरणार. डक्टेड फॅन बराच आवाज तिथूनच काढतात. थेट जोडणीत टॉर्शनल (शाफ्टला पीळ देणारी) कंपनं संपली असंही समजू नका. दोन रोटर एका फेरीत दोन ठोके देतात, चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकइतकेच. पंखा मागे नेण्यासाठी लांब शाफ्ट घातलात की बीडी-५ या छोट्या होमबिल्ट विमानाने लांब शाफ्टच्या कंपनांपायी जे भोगलं तेच तुमच्या दारात.

वादळवारा
शाफ्ट अर्ध्या मीटरपेक्षा लांब ठेवणारच नाही. रेडिएटर विमानाच्या पंखांच्या मुळाशी नेतो. व्यास ९० सेंमी केला तर आरपीएम ५००० वर आणावे लागतील, थोडी शक्ती जाईल, ती सोसतो.

काटेकोर
आता बोलण्यासारखं झालं. पण विमान नंतर. इंजिन, पंखा आणि डक्ट चाकाच्या गाड्यावर चढवा, मागे दोरी आणि वजनकाटा. दहा मिनिटं फुल थ्रॉटल, तेलाचं तापमान लिहून ठेवा. काट्याने २८० किलो दाखवले तर आकडे इथेच टाका, मी माझा विरोध मागे घेतो.

चौकोनी रोटर
आणि कानात बोळे घाला. शेजाऱ्यांच्याही.