रोजचं जगणं खरंच सोपं करणाऱ्या वस्तू: तुमचे अनुभव लिहा

नवी उपकरणं सतत येत असतात. त्यातली बरीच चार दिवस कौतुकाची होतात आणि मग कपाटात जाऊन बसतात. मला ऐकायचंय ते टिकलेल्या वस्तूंबद्दल. घरात कोण वापरतं, काय बदललं, काय खटकतं, तेही लिहा. मॉडेल नंबर नसला तरी चालेल.

सुरुवात मीच करते. आईला कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र आहे, पण चार जण एकदम बोलायला लागले की तिच्यापर्यंत नुसता गलका पोचतो. मग ती हसून मान डोलवत बसायची. आता तिच्या फोनवर गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब असतं. 2019 मध्ये आलेलं हे ॲप समोरचं बोलणं लगोलग अक्षरांत उमटवतं, मराठीतही. फोन टेबलाच्या मधोमध ठेवतो, अक्षरं मोठी करतो. परवा भावाने कुणाची तरी नक्कल केली आणि आई सगळ्यांबरोबर खळखळून हसली. किंचित उशिरा, पण स्वतः वाचून. विशेषनामं चुकतात आणि दोघं एकदम बोलले की वाक्यांची खिचडी होते. त्यामुळे आमच्याकडे एकाचं संपल्यावरच दुसरा बोलतो, आणि ते सगळ्यांनाच मानवलंय.

* * *

आमच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. पूर्वी रात्री गजर लावून उठायचो आणि झोपेतच तिच्या बोटाला सुई टोचायचो. डोळे न उघडताच ती हात पांघरुणात ओढून घ्यायची. आता दंडावर सीजीएम सेन्सर असतो. त्याचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली राहतो, साखर सतत मोजतो, आणि ती उतरायला लागली की माझा फोन वाजतो. बाकीच्या रात्री आम्ही तिघंही झोपतो.

नव्याने घेणाऱ्यांसाठी: हा सेन्सर रक्तातली नाही, पेशींच्या आजूबाजूच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून आकडा काही मिनिटं मागे असतो. त्याच दंडावर झोपलं तर दाबामुळे आकडा खोटाच खाली येऊ शकतो. लक्षणं आणि आकडा जुळत नसेल तर बोटातून तपासायचंच, त्यात टाळाटाळ नको.

* * *

माझी वस्तू साधी आहे. बाबांच्या पलंगाखाली सेन्सरवाली एलईडी पट्टी लावली. रात्री पाय खाली टेकले की बाथरूमपर्यंतची वाट उजळते आणि थोड्या वेळाने आपोआप विझते. अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपणारा हा सेन्सर हीटरच्या तोंडासमोर बसवू नका, उगाच लागतो. प्रकाश पिवळसर घ्या. पांढऱ्याने झोप उडते. पांढरे एलईडी दिवे ज्यामुळे शक्य झाले त्या निळ्या एलईडीला 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बाबांना न धडपडता चालताना पाहिलं की ते अगदी योग्य माणसांना मिळालं असं वाटतं.

* * *

यूएसबी-सी! युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून नव्या फोनना ते सक्तीचं केलं, फार बरं झालं. प्रवासात एकच चार्जर. फक्त केबल बघून घ्या, दिसायला सारख्या असल्या तरी काही नुसत्या चार्जिंगपुरत्याच असतात.

* * *

मला दिसत नाही. 2009 मध्ये आयफोनवर पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं व्हॉइसओव्हर आलं आणि काचेचा सपाट पडदाही बोलू शकतो हे सिद्ध झालं. आज माझी पत्रं, बँक, वाचन सगळं फोनवर, कुणाच्या मदतीशिवाय. खासगी पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागत नाही, याची किंमत डोळस माणसाला सहसा कळत नाही.

पण घरातली यंत्रं मात्र उलट्या दिशेने चाललीत. जुन्या वॉशिंग मशीनचं चक्र फिरवताना बोटांना टक टक कळायचं. नव्या मशीनला गुळगुळीत टच पॅनेल आहे, आवाजही प्रत्येक बटणाला तोच. चालू करायच्या आणि नेहमीच्या धुण्याच्या जागी उंचवट्याचे चिकट ठिपके लावून घेतलेत, बाकीचे प्रोग्रॅम माझ्यासाठी नसल्यातच जमा. फिरवायचं चक्र असलेलं किंवा फोनवरून पूर्ण चालणारं मशीन कुणी वापरत असेल, तर ॲप स्क्रीन रीडरने नीट वाचता येतं का तेवढं तपासून इथे सांगा. मला लवकरच बदलायचंय.