खोबरेल तेल नको, आधी पाण्याचा थेंब

जुनी चामड्याची पर्स पुन्हा नीट कशी करायची, या प्रश्नावर खोबरेल तेल चोळा, असं या चर्चेत दोघांनी सुचवलंय, ते काही पटलं नाही. चामडं दोन दिवस तुकतुकीत दिसतं, मग धूळ धरतं आणि पावसाळ्यात खवट वास सुटतो. आईच्या तपकिरी पर्सवर मी हा उद्योग केलाय. झाकणावर तेलकट बोटांचे काळपट ठसे अजून तसेच आहेत. काहीही लावण्याआधी तळाशी, न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब जिरून डाग गडद झाला तर चामडं उघडं आहे, लेदर क्रीम आत जाईल, तेही नखभरच घ्या. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर वर रंगाचा थर आहे. तिथे क्रीम फारसं मुरत नाही, ओलसर फडक्याने पुसणं पुरे, आणि कोपऱ्यांचा रंग उडाला असेल तर चामड्यासाठीचाच रंग लागतो.

पर्सच्या उसवलेल्या पट्ट्याला मशीन मारू नका, असंही इथे कुणी म्हटलंय, ते मात्र शंभर टक्के खरं. नव्या भोकांनी चामडं टपाल तिकिटासारखं फाटतं. इथे इंदूरला राजवाड्याजवळ बसणाऱ्या एका काकांनी माझा पट्टा जुन्याच भोकांतून शिवला, मेण लावलेला एकच दोरा आणि दोन टोकांना दोन सुया. एक टाका तुटला तरी बाकीची शिवण सुटत नाही. मी घाई करत होते, तर म्हणाले, "ताई, चहा पिऊन या."