पहिला केक, पहिला डायपर केक: खान्देशातल्या घरांतले अनुभव

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जळगावला गेले आणि भाच्याचा पहिला वाढदिवस नेमका त्याच आठवड्यात आला. तोवर मी फक्त कुकरमधला रव्याचा केक केलेला. तरी बहिणीला शब्द दिला, केक मीच करणार, दोन थरांचा, वर क्रीमची फुलं. दुपारी चारला क्रीम फेटायला घेतलं. बाहेर ४४ अंश. अर्धा तास बीटर फिरवला तरी क्रीम ताकासारखं पातळ. भांडं गरम, क्रीम कोमट, आणि बीटर जितका जास्त फिरेल तितकी त्याचीही ऊब आत जाणार. ते पाकीट वाया गेलं.

दुसरं गोठलेलं पाकीट रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटायला ठेवलं, स्टीलचं पातेलं आणि बीटरच्या काड्या फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि पहाटे साडेचारला उठले. परातीत बर्फ, बर्फावर पातेलं. सहा-सात मिनिटांत क्रीमची टोकं उभी राहिली. पातेलं उलटं धरलं तरी थेंब खाली आला नाही. आई दारात उभी राहून बघत होती. तिने काही विचारलं नाही, चहा ठेवला.

मधल्या थरात आमरस घातला. आखाजीला तो घरात असतोच. पण आधी मंद आचेवर आटवून जामसारखा केला, नाहीतर रस स्पंजमधून पाझरून क्रीम सुटलं असतं. फुलं वेडीवाकडी आली. भाच्याने पहिला हात फुलावरच मारला.

केक शिकवणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. पण ते करणाऱ्यांच्या खोलीत एसी असतो आणि लाइट जात नाही. आपल्याकडचा मे महिना, आपले कुकर, अंडं न चालणारी घरं, बाळाच्या वस्तूंबद्दलचे घरातल्या मोठ्यांचे विचार, हे सगळं धरून कुणी सांगत नाही. म्हणून ज्यांनी पहिल्यांदाच सजवलेला केक केला, किंवा बारशाला भेट म्हणून डायपर रचून केक केला, त्यांनी लिहा. काय बिघडलं आणि कसं सावरलं, ते मापांसकट लिहा.

यावलहून

ताई, आमचं केळीचं आहे, त्यामुळे माझा पहिला केक केळ्याचाच. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा घरात पेढे वाटले होते. आमच्याकडे अंडं येत नाही, आणि पिकलेलं केळं मिश्रण धरून ठेवायला उत्तम. सालीवर काळे डाग पडलेली तीन केळी घेतली. पहिल्या वेळी ती मिक्सरमधून काढली, मैदा घातल्यावरही तेच मिक्सर. केक खाली चिकट, खरवसासारखा झाला. मैदा जास्त घोटला की त्याला चिवटपणा येतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता केळी काट्याने कुस्करते, मैदा शेवटी घालते, आणि पिठाचे पांढरे डाग दिसेनासे झाले की हात थांबवते. मिश्रणातला सोडा दह्याला लागला की लगेच काम सुरू करतो, म्हणून मिश्रण तयार झाल्यावर कुकर तापायची वाट बघायची नाही. कुकर आधी दहा मिनिटं तापलेला हवा. शिट्टी आणि रिंग काढून, तळाला मीठ, त्यावर जाळी. पाणी अजिबात नाही.

सजावटीला वर केळ्याच्या चकत्या लावल्या होत्या, पाहुणे येईपर्यंत त्या काळ्या पडल्या. दुसऱ्या वेळी साखर जाळून कॅरमेल केलं, चकत्या त्यात घोळून लावल्या. कॅरमेलचं पातेलं पोरांच्या हाताला लागू देऊ नका, उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतं.

धुळ्याहून, एका मुलीचा बाबा

मुलीला सहाव्या वाढदिवसाला घेरदार झग्याची बाहुली हवी होती. बायकोची नाइट ड्यूटी होती, म्हणून मी हाती घेतलं. केक पातेल्यात भाजला, म्हणजे घेर आपोआप आला. त्यावर व्हिप क्रीम लावलं आणि क्रीमवर फॉन्डंटचा, म्हणजे लाटून लावायच्या साखरेच्या गोळ्याचा, झगा चढवला. रात्री नऊला झगा ठीक होता. सकाळी उघडून बघतो तर कमरेपासून घसरून खाली गोळा झालेला. व्हिप क्रीममधलं पाणी फॉन्डंटमधल्या साखरेला लागतं आणि तो ओलसर होऊन ओघळतो. फॉन्डंटखाली गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण हवं, किंवा बटरक्रीम.

पेठेतल्या एका बेकरीवाल्या काकांनी मला दुकानाच्या मागच्या बाजूला बसवून गनाश शिकवलं. पैसे घेतले नाहीत. आपल्या उन्हाळ्यासाठी डार्क चॉकलेट दोन भाग, क्रीम एक भाग. थंडीत क्रीम थोडं वाढवलं तर चालतं. चॉकलेट वितळवताना पाण्याचा एक थेंबही पडता कामा नये, नाहीतर ते रवाळ होऊन गोळा धरतं. काकांनी आणखी एक सांगितलं. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी असते, त्यामुळे फॉन्डंट उघडा राहिला की पाच मिनिटांत तडकतो. जेवढा लागतो तेवढाच काढायचा, बाकी प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवायचा. पावसाळ्यात उलट, फ्रीजमधून काढला की अंगाला घाम फुटतो. त्या घामाला पुसायचं नाही, पंख्याखाली तसंच सुकू द्यायचं.

दुसरा झगा मी दुपारी पूर्ण केला. मुलीने बाहुली कापू दिली नाही. खालचा घेर मागच्या बाजूने कापून सगळ्यांना वाटला आणि बाहुली आठवडाभर फ्रीजमध्ये उभी होती.

नंदुरबारहून

मी डायपर केकबद्दल लिहिते. मैत्रिणीच्या बाळासाठी केला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: हा खायचा नसतो. डायपरच्या गुंडाळ्या करून उभ्या लावायच्या, त्यांचे तीन मजले रचायचे, बाहेरून रिबीन, वर मोजे, टोपी, खुळखुळा. परदेशात बाळ जन्मायच्या आधीच्या समारंभात देतात. मीही तो डोहाळजेवणाला द्यायचा ठरवला होता. मैत्रिणीच्या सासूबाईंनी मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात सांगितलं, "बाळाचं काही आधी घरात आणत नाहीत बेटा आमच्याकडे." त्यांच्या घरात पूर्वी एक दुःख झालेलं होतं, ते मला नंतर कळलं. मी केक कपाटात ठेवला आणि बाराव्या दिवशी बारशाला नेला. तुम्हीही आधी घरात विचारा. बारशाला दिलेला कुणालाच टोचत नाही.

आता माप. मधोमध एक गुंडाळी, तिच्याभोवती ६, त्यांच्याभोवती १२, त्यांच्याभोवती १८. ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच आहे, वेगळं काही नाही. वरचा मजला ७ चा, मधला १९ चा, खालचा ३७ चा, एकूण ६३. प्रत्येक गुंडाळीला छोटं रबरबँड, आणि मजल्याला बाहेरून मोठं इलॅस्टिक. पहिल्यांदा मी नुसती रिबीन बांधली, उचलताना मधल्या गुंडाळ्या खाली निसटल्या. इलॅस्टिक आधी, रिबीन वरून फक्त शोभेला. मजले एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून मधली गुंडाळी काढून तिथे पुठ्ठ्याची नळी वरपासून खालपर्यंत घातली. मग डायपर ६० लागतात.

बारशाला आलेल्या एक आजी चष्मा पुसून म्हणाल्या, "हाई काय शे व माय? खावानं शे का?" मी एक गुंडाळी सोडून दाखवली. त्यांनी ती परत स्वतः गुंडाळून जागेवर बसवली.

चाळीसगावहून

नंदुरबारच्या ताई, डायपर कुठल्या मापाचे घेतले? नणंदेच्या बाळाचं बारसं पुढच्या रविवारी आहे. दुकानदार म्हणतो न्यूबॉर्नच घ्या.

पाचोऱ्याहून, मी प्रसूती विभागात परिचारिका आहे

न्यूबॉर्न घेऊ नका, ते माप बाळाला फार लवकर लहान पडतं आणि घरात बहुतेक आधीच आणलेलं असतं. पाकिटावर वजन छापलेलं असतं, स्मॉल साधारण ४ ते ८ किलोचा, मीडियम ७ ते १२ किलोचा. खालचा मजला मीडियमचा करा, वरचे दोन स्मॉलचे. फुटलेल्या पाकिटाचा वजनाचा कागद कापून आत ठेवा, नंतर आईला कळत नाही कुठला डायपर कुठल्या मापाचा.

आणि कळकळीने सांगते. हे बाळाच्या अंगाला लागणार आहेत. साबणाने हात धुऊन बसा, खाली धुतलेली चादर पसरा. टाचणी, स्टेपलर, सेफ्टी पिन एकही नको. ग्लू गन डायपरला लावू नका. चमकी, अत्तर, पावडर काही नको. रबरबँड किती लावले ते मोजून चिठ्ठीवर लिहा, म्हणजे सोडताना तेवढे हाती आले की नाही ते आईला बघता येईल. घरात रांगतं दुसरं मूल असतं, ते तोंडात घालतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दिवसभर डायपर ठेवला की पुरळ येतं, म्हणून केकमध्ये चार-पाच सुती लंगोटही गुंडाळा.

अमळनेरहून

पाचोऱ्याच्या ताईंनी लंगोटाचं काढलं म्हणून लिहावंसं वाटलं. मी डायपरचा केला नाही, लंगोटांचाच केला. माझे सासरे धोतर नेसायचे. ते गेल्यावर त्यांची चार धोतरं पेटीत तशीच होती. धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की गालाला लावावीत. नातीचं बारसं ठरलं तेव्हा सासूबाईंनीच ती बाहेर काढली. आम्ही दोघींनी ती गरम पाण्यात उकळली, कडक उन्हात वाळवली, आणि तीन दुपारी बसून लंगोट शिवले. काठाचे तुकडे सासूबाईंनी बाजूला ठेवले होते, त्यांच्याच पट्ट्या रिबिनीऐवजी बांधल्या. सुती कापड डायपरसारखं फुगीर नसतं, गुंडाळी बारीक येते, म्हणून प्रत्येक मजल्याच्या मध्ये एक घडीचं दुपटं ठेवलं. सगळ्यात वर कुंची. कुंचीची झालर केकच्या वरून खाली आली, ती आम्ही ठरवलेली नव्हती, पण तीच सगळ्यात सुंदर दिसली.

पाळणा म्हणून झाल्यावर सासूबाईंनी केक सोडू दिला नाही. दुसऱ्या दिवशी बाळाला न्हाऊ घातल्यावर पहिला लंगोट त्यांनी स्वतः काढला, काठाची पट्टी घडी करून कमरेला खोचली आणि माझ्याशी त्या दिवशी फार बोलल्या नाहीत.

चोपड्याहून

मी छोटंसं लिहिते. आजेसासूबाईंच्या पंचाहत्तरीला दादर ज्वारीच्या पिठाचा केक करायला गेले. ज्वारीत मैद्यासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे केक ताटात काढताना भुगा झाला. नंतर अर्धं दादरचं पीठ, अर्धा मैदा घेतला, पीठ दोनदा चाळलं, मिश्रण पंधरा मिनिटं मुरू दिलं. व्यवस्थित कापला गेला. साखरेऐवजी गूळ घातला तर रंग खमंग येतो, सजावटीला भाजलेले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप पुरतात. क्रीम त्यांना आवडत नाही, मग लावायचं कशाला.

शिरपूरहून

केक नेण्याबद्दल. माझा पहिला दोन मजली केक शिरपूरहून धुळ्याला गाडीत मांडीवर घेऊन बसले, गतिरोधकावर वरचा मजला खालच्यात रुतला. खालच्या मजल्यात जाड स्ट्रॉ उभे खुपसून केकच्या उंचीला समान कापायचे आणि वरचा मजला स्वतंत्र पुठ्ठ्यावर ठेवायचा, म्हणजे भार स्ट्रॉंवर येतो. मांडी आणि सीट दोन्ही उतरते असतात. गाडीत पायाशी, सपाट जागी, खाली रबरी मॅट टाकून ठेवा, आणि उन्हाळ्यात गाडी आधी दहा मिनिटं गार करा. थोडं क्रीम पिशवीत भरून बर्फाच्या डब्यात सोबत न्या, तिथे डागडुजी करता येते.

परत जळगावहून

एक राहिलं होतं. दोघींनी विचारलं की किराणा दुकानातलं छोट्या पाकिटातलं फ्रेश क्रीम फेटलं तर चालेल का. चालत नाही. त्यात स्निग्धांश २५ टक्क्यांच्या आसपास असतो, टोकं उभी राहायला ३० च्या वर लागतो. ते गनाशला वापरा. फुलांसाठी केकसामानाच्या दुकानातलं गोठवलेलं व्हिप क्रीम मागा. आणि एकदा सुटलेलं पाकीट परत गोठवू नका.

भुसावळहून, रेल्वे क्वार्टर

हे मालगाडीवर आहेत, ड्यूटी कधी लागेल सांगता येत नाही. लग्नाला दहा वर्षं झाली त्या दिवशी संध्याकाळी येणार होते. मी आठवडाभर वर्तमानपत्राच्या कागदावर नोझलचा हात बसवला, डाळीच्या पिठाची घट्ट पेस्ट पिशवीत भरून. क्रीम वाया न घालवता हात वळतो, नव्यांनी नक्की करून बघा. केक ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये ठेवला आणि वीस मिनिटांत लाइट गेली. दार उघडलं असतं तर केक बसला असता, म्हणून दार बंदच ठेवलं, आणि मनाशी ठरवलं की नाही झाला तर कुकर आहे. आठ-दहा मिनिटांत लाइट आली. मध्ये जरासा खड्डा पडला, तो मी क्रीमने भरून घेतला आणि तिथेच गुलाब काढला. खड्डा नसता तर इतका उंच गुलाब बसला नसता.

संध्याकाळी फोन आला, गाडी वाटेत उभी आहे. मुलं वाट बघून झोपली. लाइट पुन्हा जाईल म्हणून मी केकभोवती बर्फाच्या पिशव्या लावून फ्रीजचं दार लावून ठेवलं, ते येईपर्यंत एकदाही उघडलं नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी फाटक वाजलं. हातपाय धुवायच्या आधी त्यांनी फ्रीज उघडला. आम्ही मुलांना उठवलं. धाकटीने डोळे न उघडताच केक खाल्ला आणि पुन्हा झोपली, सकाळी तिला आठवत नव्हतं. गुलाब आम्ही तिच्यासाठी ठेवला होता.