एक सर्व्हर, अनेक आयपी: तुमचे अनुभव

नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यात सर्व्हर सांभाळणाऱ्यांना एका मशीनवर चार-पाच आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) चढवणं नवीन नाही. पत्ता जोडायला मिनिटही लागत नाही. पण बाहेर जाताना सर्व्हर त्यातला कुठला पत्ता लावतो, हे फारसं कुणी बघत नाही, आणि खरी डोकेदुखी तिथेच असते असं माझं ठाम मत आहे. तुमचे किस्से सविस्तर लिहा.

ऐरोलीहून
अगदी हेच! एका ग्राहकाच्या सर्व्हरवर वेबसाइट आणि मेल दोन्ही होतं. मेलसाठी वेगळा आयपी, त्याचा पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) केलेला, एसपीएफमध्येही (डोमेनची मेल कुठून निघू शकते ती यादी) तोच. तरी त्यांची बिलं समोरच्याच्या स्पॅममध्ये. मेलचा हेडर (तिच्या प्रवासाची नोंद) उघडून पाहिलं तर मेल वेबसाइटच्या आयपीवरून निघत होती. प्रोग्रामने स्वतः पत्ता बांधला नाही, तर लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) राउटिंग टेबल (कुठे जायचं तर कुठल्या वाटेने, याची यादी) बघून ठरवतो. एकाच सबनेटमधले (नेटवर्कच्या एकाच तुकड्यातले) पत्ते असतील तर साधारणपणे पहिला जोडलेला. मेल पाठवणाऱ्या पोस्टफिक्समध्ये 'एसएमटीपी बाइंड ॲड्रेस' (कुठल्या पत्त्यावरून निघायचं ते) दिला आणि प्रश्न मिटला.

ठाणे, वागळे इस्टेट
आमच्याकडे दोन कंपन्यांच्या दोन लाइनी, एकाच मशीनला. दुसऱ्या लाइनीच्या पत्त्यावर बाहेरून काहीच उघडेना. टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावला: जोडणी मागणारं सिन पॅकेट दुसऱ्या नेटवर्क कार्डावर येतंय, उत्तर मात्र डिफॉल्ट गेटवेमुळे (बाहेर जायच्या ठरलेल्या दारामुळे) पहिल्या कार्डातून चाललंय, तेही दुसऱ्या कंपनीचा पत्ता लावून. परका सोर्स पत्ता दिसला की पुष्कळ कंपन्या पॅकेट टाकूनच देतात. उपाय: प्रत्येक पत्त्याला वेगळं राउटिंग टेबल, आणि 'या पत्त्यावरून निघालेलं या टेबलाने जाईल' असा आयपी रूल. दोन गेटवे असतील तर हे पहिल्याच दिवशी करून घ्या, दुसरा धड मार्ग नाही.

खारघर
थोडं जुनं सांगतो. पूर्वी प्रत्येक एसएसएल (सुरक्षित, https वाल्या) साइटला स्वतंत्र आयपी लागायचा, कारण ब्राउझर साइटचं नाव सांगण्याआधीच सर्व्हरला त्या साइटचं सर्टिफिकेट दाखवावं लागे. एसएनआयचं (ब्राउझरने साइटचं नाव सुरुवातीलाच सांगण्याच्या सोयीचं) मानक 2003 मध्येच आलं होतं, पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ते कधीच कळलं नाही, म्हणून एक्सपी जाईपर्यंत आयपी घेत राहावं लागलं. त्यात एप्रिल 2011 पासून एपनिकने (आशिया-पॅसिफिकात आयपी वाटणाऱ्या संस्थेने) आयपीव्ही4 (जुन्या पद्धतीच्या पत्त्यां) चं रेशनिंग सुरू केलेलं. आता त्याच कामाला एक पत्ता पुरतो.

तुर्भे
एक सूचना. लिनक्सवर प्रायमरी (सबनेटमधला पहिला जोडलेला) पत्ता काढला की त्याच सबनेटमधले सेकंडरीही (नंतर जोडलेले) त्याच्याबरोबर जातात. 'प्रमोट सेकंडरीज' ही सेटिंग 1 असेल तरच पुढचा त्याची जागा घेतो. चालू सर्व्हरवर हात लावण्याआधी ती बघाच. आणि वागळे इस्टेटवाल्यांनो, ते रूल कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेत ना? नुसते कमांडने दिलेले असतील तर रीबूटला उडतील.