पद्मिनी: आधी टाकी उतरवा
कार्बोरेटर (पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) दोनदा साफ करूनही, वर्षानुवर्षं उभी असलेली प्रीमियर पद्मिनी गाडी थोडं अंतर जाऊन बंद पडते, असं तुम्ही लिहिलंय. आता कार्बोरेटरला हात लावू नका, पेट्रोलची टाकी उतरवा. जुनं पेट्रोल आटून चिकट राळ होते, ओलीने पत्रा गंजतो आणि ती लाल भुकटी लाईनमधून येऊन कार्बोरेटरची जेट (बारीक भोकं) पुन्हा तुंबवते. टाकीला डाग मारायचा (भोक झाळून बुजवायचं) असेल तर रेडिएटरवाल्याकडेच द्या. रिकाम्या टाकीतली वाफ भडकते, जीवावर बेततं.

मग टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरकडे ढकलणारा पंप बघा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची (ठिणगी देणाऱ्या भागाची) वायर काढून ठेवा, कार्बोरेटरकडची नळी बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात यायला हवं. नुसतं ठिबकत असेल तर बहुधा पंपातला डायफ्रॅम (लवचिक पडदा) कडक झालाय. तो फाटला असेल तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिकचा (ऑइल मोजायच्या सळीचा) वास घ्याच! पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका, बेअरिंगं जातील.

रबरी नळ्या सरसकट बदला, वरून चांगल्या दिसल्या तरी. हल्लीच्या ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर फुगवतं. इथेनॉलला चालणाऱ्याच नळ्या मागा. पंपाआधी पारदर्शक फिल्टर बसवा, गंज येतोय का ते रोज दिसेल.